पुसट ठिपका

११ जानेवारी

प्रिय ताई,

तुझ्या लॅबचा रिपोर्ट आला. पाकीट फोडल्यावर आधी तुझी सही दिसली, बाकीचं नंतर वाचलं. बोर्डिंगात वह्यांवर करायचीस तशीच आहे अजून, शेवटच्या अक्षराला मांजरीचं शेपूट. आपल्याच रक्ताच्या रिपोर्टवर आपणच सही करणारी तू पहिलीच बाई असशील. डॉक्टरांना दाखवलं तर ते हसले, मग चष्मा काढून पुन्हा बघू लागले. त्यांचा नंबर वाढलाय, पण ते मी त्यांना सांगणार नाही. आधी ते मला बरं करू देत.

मला रक्त बनवणाऱ्या पेशी द्यायला दादाचं काहीच जुळलं नाही. फोनवर रडला गं. "मुंगी, मी तुझ्या काही कामाचा नाही निघालो." मी म्हटलं, लहानपणापासून तुझं-माझं कधी जुळलंय, तर आता जुळेल? मग हसला आणि परत रडला. लेक अर्धीच जुळते, पोरांचं तसंच असतं म्हणे. राहिलीस तू. तुझं सगळं जुळतंय, फक्त एका ठिकाणी नाव वेगळं आलंय. डॉक्टर म्हणाले, "बघू. परक्या दात्याचाही शोध सुरू करून ठेवू." बोलताना त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, ते मला दिसलं. लांबचं मला अजून छान दिसतं.

तशी मी ठीक आहे. दर आठवड्याला कोणाचं तरी रक्त चढवतात, मग दोन दिवस गाल लाल. हाडांच्या आतला कारखाना बंद पडलाय, बाहेरून माल आणून दुकान चालवायचं. आमचं खरं दुकान मात्र नवऱ्यावर सोडलंय. तो गिऱ्हाइकाला विचारतो, "दिसतंय ना?" गिऱ्हाईक 'हो' म्हणालं की चष्मा देऊन मोकळा.

फोन न करता पत्र का, असं लेक विचारते. तिला सांगितलं, फोनवर आम्ही दोघी भांडतो. पत्रात निदान समोरचीचं वाक्य पुरं होऊ द्यावं लागतं. आणि सवय. आठवतं ना, रविवारी सगळ्या मुलींना रांगेत बसवून घरी पत्र लिहायला लावायचे? चिकटवायच्या आधी मदर प्रत्येक पत्र वाचायच्या. 'जेवण आवडत नाही' लिहिलं की पत्र फाडून हातात. म्हणून आपण आईशी सुट्टीत ठरवलं होतं, शेवटी 'माझी काळजी नसावी' असं लिहिलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. मला गोवर आला तेव्हा मी ते वाक्य एकाच पत्रात तीनदा लिहिलं. मदर म्हणाल्या, केवढी समजूतदार मुलगी!

एका नावाचा फरक म्हणजे नेमकं काय, ते मला समजेल असं लिही. मी काच घासणारी बाई आहे, हे लक्षात ठेवून लिही.

तुझी,
मुंगी

२० जानेवारी

लाडक्या मुंगीस,

तुझं पत्र लॅबमध्ये नेऊन दुपारच्या सुट्टीत वाचलं. गोवराची गोष्ट वाचून एकटीच हसत होते. बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटलं असेल, हिच्या हातात रक्त द्यायचं म्हणजे अवघड आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. आपल्या पेशींवर खुणा असतात. शरीर त्यावरून आपलं कोण, परकं कोण हे ओळखतं. खुणांची एक माळ आईकडून येते, एक वडिलांकडून. तुझ्या आणि माझ्या वाट्याला त्याच दोन माळा आल्या असाव्यात, असं रिपोर्टवरून दिसतं, पण एक मणी वेगळा निघाला. तसं कधी कधी होतं. माळ पुढच्या पिढीत जाताना एखादा मणी बदलू शकतो.

हे मणी यंत्राला थेट दिसत नाहीत. पट्टीवर ठिपके उमटतात, काही उमटत नाहीत. कुठले उमटले त्यावरून त्या खुणेचं नाव काय, हे सॉफ्टवेअर ठरवतं. त्याच्याजवळ जगातल्या सगळ्या माहीत असलेल्या खुणांची यादी असते. एकूण काय, तुझे डॉक्टर परका दाता शोधतायत हे योग्यच आहे. आजकाल परक्यांमध्येही चांगले दाते मिळतात. तू धीर सोडू नकोस.

मला फार वाईट वाटलं, हे सांगायला नको. मी किती आशेने हात पुढे केला होता! आमच्या सीनियर टेक्निशियन बाईंनी रक्त काढलं. म्हणाल्या, "मॅडम, इतरांना सुई टोचताना तुम्ही बोलत असता, आज का गप्प?" मी म्हटलं, आज दंड माझा आहे, म्हणून.

घरात सगळं जागच्या जागी आहे. हे गेल्यापासून घरात दोन खुर्च्या उगाचच आहेत. एकीवर मी बसते, दुसरीवर वर्तमानपत्रं. तू बरी झालीस की ती वर्तमानपत्रं उचलून ठेवीन.

पौष्टिक खा. गर्दीत जाऊ नकोस.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या माळेचं मला समजलं. नवऱ्यालाही समजावलं, त्याला नाही समजलं. पण तो 'हो' म्हणाला, त्याच्या दुकानदारीच्या रीतीप्रमाणे.

एक विचारू? तुझ्या रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरांत एक ओळ आहे. 'यादीची आवृत्ती' आणि पुढे आकडा. माझ्या इथल्या रिपोर्टवरही तीच ओळ आहे, पण आकडा वेगळा. डॉक्टरांनी दोन्ही आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल काढलाय. मी विचारलं तर म्हणाले, "बहिणीलाच विचारा, त्या तज्ज्ञ आहेत." म्हणून विचारते. हे आकडे वेगळे असले तर चालतं का?

मी आपली माझ्या धंद्यातून विचार करते. लोक दुकानात येतात आणि तक्रार करतात की हल्ली पुस्तकंच वाईट छापतात, पाट्याच धूसर रंगवतात. मी विचारते, चष्मा कधीचा? तर तो मुलाच्या लग्नातला. पुस्तक तेच असतं ताई, काच जुनी असते. पण हे आपलं माझं काचवालीचं शहाणपण. तुमच्याकडे असं नसेल.

मला गेल्या आठवड्यात तोंडात फोड आले, दोन दिवस नुसतं सूप. लेकीने चमच्याने भरवलं. लाज वाटली. मग वाटलं, लाज कसली, मीही हिला असंच भरवलंय, आणि ही तर माझ्या अंगावर थुंकायचीसुद्धा.

परका दाता अजून मिळालेला नाही. एक जण सापडला होता, त्याने नकार दिला. घाबरला असेल बिचारा. मला त्याचा राग आला नाही. कोणीही घाबरेल.

उत्तराची वाट पाहते.

मुंगी

१३ फेब्रुवारी

लाडक्या मुंगीस,

घाईत लिहिते आहे. लॅबमध्ये तपासणी समिती यायची आहे, सगळ्यांची धावपळ चालली आहे.

आवृत्तीचं म्हणशील, तर ती यादी दर काही महिन्यांनी वाढत असते, सगळ्या लॅब एकाच दिवशी नवी यादी घेतात असं नाही. थोडाफार फरक सगळीकडेच असतो. त्यात फारसं मनावर घेण्यासारखं काही नाही. तुझ्या डॉक्टरांना हवं तर मी सवडीने सविस्तर कळवीन.

तोंडाच्या फोडांवर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर. लेकीला माझे आशीर्वाद. माझी काळजी नसावी.

ताई

२४ मार्च

ताई,

पत्र लेकीच्या हातून लिहून घेतेय, अक्षर तिचं, बडबड माझी. तिला सांगितलंय, मध्ये शहाणपणा करायचा नाही. (आई, मी काही करत नाहीये.)

मधल्या काळात छातीत ताप शिरला. ताप लवकर हटला नाही. हॉस्पिटलात काचेच्या खोलीत ठेवलं होतं, आत येणारा प्रत्येक माणूस तोंड झाकून यायचा, सगळे नुसते डोळे. मी डोळ्यांवरून माणसं ओळखायला शिकले. जन्मभर धंदाच तो केला. आता घरी आहे. जिना चढता येत नाही म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत खाट टाकलीय. पुढे नवरा गिऱ्हाइकाला "दिसतंय ना?" विचारतो आणि मी आतून ओरडते, "त्यांना खालची ओळ वाचायला सांग!"

डॉक्टर म्हणतात, असा आणखी एक ताप सोसायचा नाही. दाता मिळायला हवा, लवकर. हे त्यांनी मला सांगितलं, लेकीला नाही. आता लिहिता लिहिता तिला कळलं. (आई!) लिही गं तू. रडतेस काय, शाई पसरेल.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ताई, मदर तर आता आपली पत्रं वाचत नाहीत.

मुंगी

२ एप्रिल

मुंगी,

हे पत्र चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. आता जसं होईल तसं पाठवते. सगळं वाचून झाल्याशिवाय लेकीला देऊ नकोस, तिच्या डोळ्यांत मी अजून मोठी मावशी आहे.

मी जुळते. पूर्ण जुळते. पहिल्या दिवसापासून जुळत होते.

वेगळा निघालेला तो एक मणी वेगळा नव्हता. ती खूण गेल्याच वर्षी यादीत आली आहे. तुमच्याकडची यादी ताजी होती, म्हणून तुझ्या रिपोर्टवर तिचं खरं नाव आलं. माझ्या यंत्राकडे जुनी यादी. त्याला ते नाव ठाऊकच नव्हतं, म्हणून त्याने जवळचं, शेजारच्या खुणेचं नाव लावलं. तुझं काचवालीचं शहाणपण अक्षरशः खरं होतं. पुस्तक एकच होतं.

ही झाली यंत्राची गोष्ट. इथवर लिहून थांबले असते तर तू म्हणाली असतीस, होतं असं, ताई. म्हणून पुढचं लिहिते.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याने त्या एका ठिपक्याभोवती पिवळी चौकट काढली होती. तिचा अर्थ, हा ठिपका माझ्या यादीतल्या कुठल्याच नावात नीट बसत नाही, तुम्ही पाहा. मी पाहिलं. मी तो ठिपका 'पुसट, धरू नये' असा ठरवला आणि चौकट काढून टाकली. मग नाव छान बसलं. तो पुसट नव्हता, मुंगी. आज पुन्हा काढून बघितला. चांगला ठसठशीत आहे.

दुसरं. सख्ख्या बहिणींची अख्खी माळ जुळावी आणि मधलाच एक मणी वेगळा निघावा, हे जवळजवळ होतच नाही. 'तसं कधी कधी होतं' असं मी तुला लिहिलं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, असा रिपोर्ट दिसला तर मण्यावर संशय घेऊ नका, वाचणाऱ्यावर घ्या. परक्या कोणाचा रिपोर्ट असता तर मी तो पुन्हा लावला असता, दुसऱ्या लॅबला फोन केला असता, टेबलाशी उभं राहून सगळ्यांना बोलून घेतलं असतं.

यादी जुनी का होती, तेही सांगते. सकाळी यंत्र चालू केलं की पडद्यावर पाटी येते, 'नवी यादी आली आहे. आता घ्यायची की नंतर?' मी 'नंतर' दाबत होते. एकदा नव्हे, कित्येक महिने. नवी यादी घेतली की ओळखीचे जुने नमुने पुन्हा लावून सॉफ्टवेअर बरोबर वाचतंय ना हे तपासावं लागतं. मग ज्या जुन्या रिपोर्टमधली नावं बदलतात, ते 'सुधारित' असा शिक्का मारून डॉक्टरांना परत पाठवावे लागतात. तो शिक्का मला कधी आवडला नाही. 'सुधारित' म्हणजे आधीचं बिघडलेलं. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, ते काम माझ्यामागून येणारी करील, असं मी मनाशी म्हणायचे. असा हा माझा नीटनेटकेपणा.

पण आळस आणि गर्व यांची लाज मी कशीबशी सोसली असती. सोसवत नाही ती पुढची. रिपोर्टवर 'जुळत नाही' असं पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं. सुटकेचा श्वास म्हणतात ना, तो मी ऐकला, माझाच. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे तू नव्हतीस. हे होते. लहानशा तपासणीसाठी पायांनी चालत गेले होते, चष्मा माझ्या हातात देऊन, "आलोच" म्हणून. त्यानंतर मला हॉस्पिटलच्या पलंगाची भीती बसली. जन्मभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून "काही होत नाही, मूठ आवळा" म्हणणारी मी. मी तिथे निजले आणि उठले नाही तर मागे घरी दोन खुर्च्या आणि कोणी नाही, असं काहीतरी मनात आलं. खुळेपणा. आणि त्या खुळेपणाला तो पिवळा चौकोन अडचणीचा होता. मी त्याला बाजूला सारलं. जाणूनबुजून? ते मी अजून ठरवू शकलेले नाही. जाणूनबुजून नाही, असं म्हणण्याचा मला हक्क नाही, एवढं कळतं.

तुझं आवृत्तीचं पत्र आलं, तेव्हा दुसरी ओळ वाचायच्या आत मला सगळं समजलं होतं. तपासणी समिती यायची नव्हती. ती मी बनवली. तू तापात काचेच्या खोलीत होतीस तेव्हा मी रोज लॅबला जात होते, रोज ती पाटी बघत होते. आणि रोज 'नंतर'च दाबत होते. कारण यादी घेतली असती तर उत्तर कळलं असतं, आणि उत्तर कळलं की मी काय केलं तेही कळलं असतं, मला आणि सगळ्यांना. तुझं 'मदर आता पत्रं वाचत नाहीत' वाचलं आणि त्याच सकाळी जाऊन यादी घेतली. ठिपके साठवलेले असतात, नवं रक्तही लागत नाही. माझा चहा निवायच्या आत त्या जागी तुझ्या रिपोर्टवरचं नाव येऊन बसलं. इतकंच काम होतं, मुंगी. एका चहाचं.

मग सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं. टेक्निशियन बाईंनी खुर्ची पुढे सरकवली, ते मला सगळ्यात जास्त लागलं. माझा नमुना दुसऱ्या लॅबला पाठवला, त्यांचाही निकाल हाच, सही त्यांची. तो सोबत आहे. बाकी जे जुने रिपोर्ट बदलले, त्यांत कोणाचा निर्णय चुकला नव्हता. तेवढं दैवाने राखलं, मी नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि ती घेऊन मी बरी होईन. आधी तू बरी हो. तुझे डॉक्टर सांगतील त्या दिवशी निघते. बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

ताई

९ एप्रिल

ताई,

या खेपेला अक्षर माझंच आहे, वाकडं असलं तरी. लेकीला पत्र दाखवलेलं नाही. नवऱ्याला फक्त "ताई जुळते" एवढं सांगितलं. तो खाटेच्या कडेवर बसला आणि गिऱ्हाईक हाका मारतंय तरी उठेना.

मी तुझ्यावर रागावलेय. मोठ्या मनाची बहीण होऊन लिहिणार होते, जमत नाही. तापात माझ्या उशाशी लेक बसायची आणि मी श्वास घेतेय ना हे बघायला चेहऱ्याजवळ हात धरायची. त्या दिवसांत तू 'नंतर' दाबत होतीस. हे मी विसरेन असं मला वाटत नाही. विसरले तर तुला कळवीन.

आता माझं ऐक. तू एवढं लिहिलंस, तर मला गप्प बसता येत नाही.

मला माहीत होतं. डॉक्टरांनी ते दोन गोल काढले त्याच दिवशी त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "ही दोन नावं बहुधा एकाच खुणेची आहेत. बहिणीच्या लॅबची यादी जुनी आहे. मी त्यांना फोन करतो, नाहीतर त्यांचा नवा नमुना मागवून घेतो." मी म्हटलं, नको. ती माझी बहीण आहे, मी लिहिते. आणि मी लिहिलं काय, तर मला काही ठाऊक नसल्यासारखं भोळंभाबडं, चष्म्याची गोष्ट वगैरे जोडून. तो घाबरलेला दाता सापडला होता हे खरं. 'कोणीही घाबरेल' हे वाक्य मात्र तुझ्यासाठी होतं. दार किलकिलं करून ठेवलं होतं मी.

मला तू आपणहून यायला हवी होतीस. रक्त तर डॉक्टरांच्या एका फोनवर मिळालं असतं. मला ते मागून नको होतं. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "बहिणीचं उत्तर आलं?" मी म्हणायचे, पत्र टाकलंय, पोस्ट उशीर करतं. पोस्टाला काय म्हणून बदनाम केलं मी! मी तुझी परीक्षा घेत बसले आणि पेपर सोडवायची वेळ माझीच संपत होती. पोर चेहऱ्याजवळ हात धरून बसली ती तुझ्यामुळे, तशी माझ्यामुळेही. तिला हे कधी सांगायचं, की तुझ्या आईला जगण्यापेक्षा मावशीला ओळखून घ्यायची हौस मोठी होती? तू तुझ्या पिवळ्या चौकटीची लाज मला लिहिलीस. मला माझी कोणाला लिहायची सोय नव्हती. तुलाच लिहिते.

आपण दोघी एकाच बाईच्या मुली, ताई. तुझ्या यंत्राला ते आता कळलं.

निघ. डॉक्टर म्हणाले, आधी काही दिवस तुला दंडात इंजेक्शनं घ्यावी लागतील, मग यंत्राला जोडतील. भूल देणार नाहीत. मी मुद्दाम विचारून घेतलं. तू जागी असशील, आणि नवरा तुझ्या शेजारी बसेल. तुझा चष्मा त्याच्या हातात देऊ नकोस, तो विकून टाकेल. डोळ्यांवरच असू दे.

मुंगी

३० एप्रिल, दुपार

मुंगी,

तू वरच्या मजल्यावर, मी खालच्या. तुझ्या खोलीत कोणाला सोडत नाहीत म्हणून नर्सच्या हाती हे देते. ती म्हणाली, कागद पुसून मगच आत नेईन. मदरनंतर आपलं पत्र कोणीतरी पुन्हा उघडणार. वाचू दे.

सकाळी दोन्ही हातांत सुया होत्या. एका हातातून रक्त बाहेर जायचं, यंत्रात गरगरायचं, हवं ते काढून घेऊन दुसऱ्या हातातून परत यायचं. नाक खाजलं तर खाजवता येईना. तुझ्या नवऱ्याने खाजवलं. "बरोबर जागा आहे ना?" मी 'हो' म्हटलं. नव्हती.

घाबरले होते. लपवत नाही. पट्टा बांधणाऱ्या मुलीने "काही होत नाही, मूठ आवळा" म्हटलं, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं, दुखलं.

शेवटी यंत्राला लटकलेली ती पिशवी पाहिली. एवढीशी. फिकट लाल. तिच्यावरची चिठ्ठी मी दोनदा वाचली, मग तुझ्या नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावली, मग नर्सला. ती वैतागली. म्हणाली, "मावशी, आम्हीही वाचतो हो." मी म्हटलं, वाच बाई, तू वाच, माझ्या वाचण्यावर जाऊ नकोस. हॉस्पिटलची माणसं ती पिशवी घेऊन जिन्याने वर गेली. तिच्यामागून जायला मला हक्क असता तर गेले असते.

इथे सगळे मला भलं म्हणतात. नर्सने शेजारच्या पेशंटला सांगितलं, "बघा, बहिणीसाठी लांबून आल्यात." तुझी लेक गळ्यात पडली. "मावशी, तू होतीस म्हणून." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ते 'म्हणून' मला घशाखाली उतरेना. तू म्हणशील तेव्हा तिला सांगू. दोघी मिळून सांगू, आपापलं.

रुजलं की नाही हे कळायला काही आठवडे जातील. तोवर मी तुमच्याकडेच आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत, तुझ्या खाटेवर. आतून ओरडायचं काम मी घेतलंय.

ताई

२१ मे

ताई,

तोंड सोललंय, केस गेलेत, बोटांत पेन धरवत नाही. थोडंच लिहीन.

आज सकाळी डॉक्टर आत आले, नुसते डोळे. पण डोळे हसत होते. नव्या पेशी दिसल्या. तुझ्या. रुजतायत. अजून खूप काही बिघडू शकतं, तेही त्यांनी सांगितलं. दोन्ही सांगितलं म्हणून पहिल्यावर विश्वास बसला.

नर्स म्हणाली, आता हळूहळू तुमचा रक्तगटसुद्धा बहिणीचा होईल. मी म्हटलं, गट तिचा चालेल, 'नंतर' म्हणायची खोड तेवढी येऊ देऊ नका. ती हसली, तिला काय कळणार. तू इतक्यात हसू नकोस. थोडी लाज शिल्लक राहू दे. मलाही आहे. एकाच रक्तात दोघींची मावेल.

काच लावलेल्या खिडकीतून खालचं अंगण दिसतं. उद्या सकाळी तिथे येऊन उभी राहा. चष्मा घालून ये, म्हणजे मी हात हलवलेला दिसेल.

माझी काळजी असावी.

मुंगी